झटक्याआधीची चुकचुक

गेल्या वर्षी माझ्या साडूंचा पिकअप घोडेगावच्या पुढे उलटला आणि त्यांचा पाय मांडीत मोडला. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेभोवती बारा-पंधरा माणसं बसली होती. नवीन माणूस आत आला, की प्लॅस्टरकडे बघून दोनदा चुकचुकायचा आणि मग बसायला जागा शोधायचा. मी उशाशी बसलो, त्यांचा हात हातात घेतला, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, दोन तासांनी निघालो. चार दिवसांनी बायकोच्या कानावर आलं, की साडू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत, "पाव्हनं दोन तास बसलं, पर तोंडातनं साधं च्च सुदिक निघालं न्हाई. उंदरांत राहून मानूस कोरडा झालाय."

बायको म्हणाली, "येकदा तुमी चुकचुकला असता तर काय जीभ झिजली असती व्हय?"

तिला कारण माहीत आहे. साडूंना नाही. या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा वाटलं, हेच लिहावं. निदान साडू वाचतील.

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एका औषधनिर्माण महाविद्यालयात एकतीस वर्षं प्राणीगृह सांभाळलं. सगळे त्याला ॲनिमल हाऊस म्हणत. पांढरे उंदीर, काही ससे, कधी गिनीपिग. त्यांचं खाणं, पाणी, पिंजऱ्यातला भाताचा तूस बदलणं, पिल्लांच्या नोंदी, आजारी जनावर वेगळं काढणं आणि प्रयोगाच्या वेळी प्राध्यापकांच्या हाताखाली उभं राहणं, हे माझं काम. महाविद्यालयात शिपायापासून प्रयोगशाळा सहायकापर्यंत सगळ्यांना मुलं 'मामा' म्हणतात. त्या हिशेबाने मी पहिल्याच वर्षी 'उंदीरमामा' झालो आणि निवृत्त होईपर्यंत तोच राहिलो. मला त्याचा राग कधी आला नाही.

मी देवळाली प्रवरेचा. वडील बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. साखर कारखान्याचा हंगाम जवळ आला, की ऊसगाड्यांच्या बैलांची आमच्या दारात रांग लागायची. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं म्हणून मी कॉलेजात गेलो आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. नोकरी लागल्यावर आईने विचारलं, "काय काम असतंय रं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "रानातली उंदरं मारायला आमी मानसं लावतो, आन् तुला सरकार त्यांना चारायला ठिवतंय व्हय?" महाविद्यालय सरकारी नव्हतं, पण ते तिला कधी पटलं नाही. शाळेतल्या त्या बाईंचे उपकार मात्र मी विसरलो नाही. पहिल्या पगाराचे पेढे त्यांच्याच घरी नेले.

या कामात गिऱ्हाईकं नसतात असं वाटेल, पण होती. एकदा पुणतांब्याचे एक शेतकरी विचारत विचारत थेट माझ्या दारात आले. गव्हाच्या कोठीत उंदीर फार झाले होते. "तुमच्याकडं उंदरांचं कॉलेज हाय म्हनं. मंग त्यांची खोड तुमालाच ठावं असनार." त्यांची तक्रार अशी, की विषाचं आमिष ठेवलं तर पहिल्या दिवशी थोडं खातात आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी तोंड लावत नाही. मी त्यांना आमच्या विभागातल्या शेख मॅडमकडे नेलं. मॅडमनी समजावून सांगितलं, की उंदीर नवीन पदार्थ आधी थोडासाच खातो. पोट दुखायला लागलं, की मग ते चार तासांनी दुखलं तरी तो बरोबर त्या चवीलाच दोष देतो. शेतकरी म्हणाले, "मंग आमच्या सासऱ्यापक्षा हुशार हाय." मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्याच दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "मामा, गंमत बघा. चव आणि पोटदुखी यांच्यात चार तास गेले तरी उंदीर दोन्हीची गाठ मारतो. पण आवाज आणि वेदना यांच्यात अर्धा मिनिट गेलं, तर त्याला ती गाठ मारणं जड जातं. मला नेमकं तेच मोजायचंय."

शेख मॅडम नगर शहरातल्या. वडिलांचं रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज. त्याही घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. त्या आमच्याकडे शिकवत होत्या, पण नेमणूक तात्पुरती होती. पीएच.डी.चा प्रबंध मार्चपर्यंत सादर झाला तर कायमची जागा मिळणार, नाहीतर जूनमध्ये ती दुसऱ्या कोणाला, असं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे त्या वर्षी आमच्या विभागात कॅलेंडरकडे सगळ्यांत जास्त त्याच बघायच्या.

त्यांचा प्रयोग असा. एक पेटी, तिच्या तळाला लोखंडी सळ्या. उंदीर आत सोडायचा. थोड्या वेळाने एक बारीक सूर वीस सेकंद वाजतो आणि तळातून एक सेकंदाचा हलका वीजझटका बसतो. असं पाच वेळा. दुसऱ्या दिवशी उंदीर वेगळ्या पेटीत ठेवायचा, नुसता सूर वाजवायचा, झटका द्यायचा नाही. उंदराला सुराची भीती बसली असेल तर तो जागच्या जागी थिजतो. मिशासुद्धा हलत नाहीत. किती वेळ थिजला, ते मोजायचं. माणसाच्या मनात भीती कशी घर करते आणि औषधाने ती कशी कमी करता येईल, हे शोधायला अशा प्रयोगांचा उपयोग होतो.

आता वेळेचं बघा. वीज चमकली, की आपली लहान मुलं कानांवर हात ठेवतात, कारण गडगडाट मागून येतो. गडगडाट आधी आणि वीज नंतर असं असतं, तर विजेला बघून कोणी कान झाकले नसते. मॅडमनी चोवीस उंदरांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला सूर संपता संपता झटका. दुसऱ्याला सूर संपल्यावर वीस सेकंद शांतता, मग झटका. तिसऱ्याला आधी झटका आणि सूर त्याच्यानंतर. अंदाज असा, की पहिला गट सुराला जास्त भिईल, दुसरा त्याहून कमी, आणि तिसरा जवळजवळ नाहीच, कारण त्याच्यासाठी सूर म्हणजे संकट टळल्याची खूण.

पेटीजवळ मी बसायचो. मॅडमना तास असायचे. शिवाय कोणता उंदीर कोणत्या गटाचा हे मोजणाऱ्याला आधी कळू नये, म्हणून त्या नंतर चित्रीकरण बघून थिजण्याचे सेकंद मोजायच्या. कॅमेरा जुना, त्यात आवाज येत नसे. झटक्याला किती सेकंद उरले ते पेटीच्या बाहेर यंत्राचे लाल आकडे उलटे मोजत यायचे, पाच, चार, तीन. यंत्र अडकलं तर बटण दाबून बंद करायला मी हजर.

एकतीस वर्षांत मी हजारो उंदीर हाताळले असतील, पण झटका मला कधी सोसला नाही. झटका हलका असतो, मी बोट लावून बघितलं होतं, मुंग्या येतात तसं वाटतं. तरी दाणा टिपायला माझ्या बोटांशी येणारा जीव उडी मारतो, ते बघवत नाही. पण काम ते काम. मी मन लावून नोंदी केल्या.

महिन्याभराने गटांच्या नोंदी उघडल्यावर मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर तक्ते पसरलेले. पहिला गट सुराला जेवढा भ्यायला हवा तेवढा भ्यायला नव्हता. दुसरा तर नाहीच. पण त्यांना खरं कोडं पडलं होतं ते तिसऱ्या गटाचं. त्यांनी मला चित्रीकरण दाखवलं. तिसऱ्या गटाला झटक्याआधी काहीच खूण नव्हती. दोन झटक्यांमधलं अंतरही मुद्दाम कमी-जास्त ठेवलेलं. तरीही तिसऱ्या-चौथ्या झटक्यापासून उंदीर झटका बसायच्या दोन-तीन सेकंद आधी थिजत होते.

"मामा, यांना कोण सांगतं?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, यंत्र कुरकुरत असेल. पुण्याहून तंत्रज्ञ बोलावला. त्याने तारा तपासल्या, कान लावून बसला, काही सापडलं नाही. पंखा बदलला. इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत नेला. मॅडमनी मला सरळ विचारलं, खोलीत कोणी येतं का, मोबाईल वाजतो का. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की मी एकटा असतो आणि मोबाईल बाहेर ठेवतो. ते खरंच होतं.

शेवटी त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, की तिसरा गट प्रबंधातून वगळा. दोन गटांवर भागवा, मार्च गाठा. मॅडमना ते रुचलं नाही, पण त्या तयार झाल्या. दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी पिंजरे साफ करत होतो. प्रयोगातले चोवीस उंदीर एका रॅकवर, आणि शेजारच्या रॅकवर पेटीत कधीच न नेलेले. तिसऱ्या गटातल्या एका उंदराच्या शेपटीवर खुणेच्या दोन रेघा होत्या, म्हणून मी त्याला दोन-रेघी म्हणायचो. त्याचं नख जाळीत अडकून तुटलं होतं आणि तुसावर रक्ताचे थेंब होते. ते बघून माझ्या तोंडून निघालं, "च्च, च्च."

रॅकवरचा सगळा आवाज थांबला. कुरतडणं थांबलं, तुसात पाय खरवडणं थांबलं. मी मान वर केली. चोवीस पिंजऱ्यांत चोवीस उंदीर थिजले होते. शेजारच्या रॅकवरचे मात्र निवांत खात होते.

मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने ते हलायला लागले. मी पुन्हा हळूच च्च केलं. पुन्हा सगळे दगड.

मला माझे वडील आठवले. खुरात खिळा ठोकून झाला, की ते बैलाच्या तोंडापुढे गूळ धरायचे आणि चुकचुकायचे. त्यांचा तो आवाज ऐकून बैल मान सैल सोडायचा. तोच आवाज मी घेऊन आलो होतो, पण तो करायचा केव्हा ते घेतलं नव्हतं. लाल आकडे तीनवर आले, की पेटीतल्या जिवाची कीव येऊन मी चुकचुकायचो आणि लगेच झटका बसायचा. प्रत्येक उंदराला, पाचही वेळा. मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ज्याला आपल्याच तोंडचा आवाज ऐकू येत नाही, त्याला विचारलं तर तो नाहीच म्हणणार. सुरापेक्षा माझी चुकचुक झटक्याच्या जास्त जवळ होती आणि तिन्ही गटांना सारखीच होती. उंदरांनी बरोबर तिच्याशी गाठ मारली.

दोन दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. कबूल करायला लाज वाटते, पण तसंच झालं. गप्प बसलो तर मॅडमचा प्रबंध मार्चमध्ये जाणार होता. सांगितलं तर तिसऱ्या गटाबरोबर पहिले दोन गटही वाया, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे नव्या उंदरांसाठी परत अर्ज, परत चार-पाच महिने. जेवताना बायकोने काय झालं विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरीनं तुमाला इचारलं हुतं ना? मंग?" एवढंच म्हणून तिने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या असताना मी गेलो.

"मॅडम, तुम्ही विचारलं होतं, त्यांना कोण सांगतं. मी सांगतो."

"काय सांगता मामा?"

"झटका येणार ते."

त्या आधी हसल्या. मी त्यांना प्राणीगृहात नेलं, दोन रॅकच्या मध्ये उभं केलं आणि दारात उभा राहून एकदा चुकचुकलो. त्यांनी डाव्या रॅककडे बघितलं, मग उजव्या. मग मला म्हणाल्या, "परत करा." मी केलं. त्या तुसाच्या पोत्यावर बसल्या.

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"मामा, तुम्ही सांगितलं नसतं तर मार्चमध्ये झालं असतं."

"हो मॅडम."

"अब्बांनी जूनमध्ये गॅरेज बंद करायचं ठरवलंय. माझ्या जागेच्या भरवशावर." मग त्या उठल्या, ओढणीला लागलेला तूस झटकला. "उद्या तुमचा आवाज रेकॉर्ड करू. नुसता आवाज देऊन थिजण्याचे सेकंद मोजू. हे लिहायला तर पाहिजे. आणि नव्या चोवीसच्या वेळी पेटीवर तुम्हीच राहायचं, पण खोलीच्या बाहेर."

माझ्यावर त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

नव्या प्रयोगासाठी आम्ही पेटीभोवती थर्माकोलचं खोकं केलं आणि त्यावर माझ्या घरच्या दोन गोधड्या गुंडाळल्या. मी बाहेरच्या खोलीत, स्क्रीनपुढे. पहिले काही दिवस मी तोंडात खडीसाखर धरून बसायचो. जीभ गुंतलेली राहिली, की तोंड गप्प राहतं. या वेळी निकाल जसे यायला हवे तसे आले. पहिला गट सुराला थिजला, दुसरा त्याहून कमी, तिसरा फार थोडा. आणि या वेळी झटका बसायच्या आधी तिसऱ्या गटातलं कोणी थिजलं नाही.

प्रबंध सप्टेंबरात गेला. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. मॅडमच्या अब्बांनी गॅरेज आणखी दोन वर्षं चालवलं. त्यांना मधुमेह होता, पायाला जखम होती, तरी चालवलं. मग मॅडमना दुसऱ्या शहरात कायमची नोकरी मिळाली आणि आता त्या तिथे विभागप्रमुख आहेत. ईदला फोन करतात. त्यांच्या प्रबंधात माझ्या चुकचुकीवर एक पूर्ण प्रकरण आहे आणि आभारांत माझं नाव पहिल्या ओळीत आहे, मार्गदर्शकांच्या आधी. ते पान मी फ्रेम करून घरात लावलं आहे. आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "उंदरांची नावं न्हाई घातली व्हय?"



पहिल्या चोवीस उंदरांचं सांगायचं राहिलं. प्रयोग संपला, की ते प्राणी ठेवता येत नाहीत. नियमाप्रमाणे त्यांना वेदना न होऊ देता संपवावं लागतं. ते कामही माझंच. त्यांची तारीख ठरली तेव्हा मी मॅडमना म्हणालो, की मला दहा दिवस द्या. ते मला भिऊन मरू नयेत एवढीच इच्छा आहे. मॅडमनी कारण विचारलं नाही. समितीला पत्र लिहून दहा दिवस घेतले.

दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभा राहिलो. आधी चुकचुकायचं आणि लगेच शेंगदाणा पुढे धरायचा. वडिलांची पद्धत. पहिले तीन दिवस सगळे थिजायचे, शेंगदाणा तसाच पडून राहायचा. चौथ्या दिवशी काहींच्या मिशा हलल्या. आठव्या दिवशी आवाज ऐकून बहुतेक सगळे जाळीशी यायला लागले. दोन-रेघी शेवटपर्यंत मागे राहिला. नवव्या दिवशी संध्याकाळी तो एक पाऊल पुढे आला, शेंगदाणा ओढला आणि कोपऱ्यात जाऊन खाल्ला.

दहाव्या दिवशी सकाळी मी एकेक पिंजरा शेजारच्या खोलीत नेऊ लागलो. आज तोंडातून काही आवाज काढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दोन-रेघीचा पिंजरा उचलला आणि तो निघालाच. च्च.

तो धावत जाळीशी आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि माझी बोटं हुंगायला लागला.

मी त्याची भीती काढली होती, ती नेमकी या दिवसासाठी. हे त्याच्यावर उपकार होते की फसवणूक, ते मला आजही ठरवता येत नाही. एवढं खरं, की त्या दिवसानंतर तो आवाज माझ्या तोंडून निघालेला नाही, कोणाच्या मयताला नाही आणि साडूंच्या मोडक्या पायाला बघूनही नाही.

खिशात एक शेंगदाणा होता. मी पिंजरा टेबलावर ठेवून तो त्याला दिला. तो या वेळी कोपऱ्यात गेला नाही. तिथेच, माझ्या बोटांजवळ बसून, दोन्ही हातांत धरून खाऊ लागला. शेजारच्या खोलीचं दार उघडं धरून मॅडम उभ्या होत्या. त्याचं खाऊन होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.